जावेचा, मैत्रिणींचा हेवा वाटतो आणि नाती तुटत चाललीत, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८, पाळी पुढंमागं होतेय, झोप नाही, जावेच्या पोराला पुण्याला नोकरी लागल्यापासून तिच्याशी नीट बोलता येईना, चिकोडीच्या मैत्रिणीनं घर बांधलं तर वास्तुशांतीला गेला नाहीत, आणि आता स्वतःची लेकपण म्हणतेय की आई तू सगळ्यांना टोचून बोलतेस. मी बेळगावात वडगावला राहते. आमच्या घरात हेच झालंय, फक्त हेवा माझ्या थोरल्या जाऊबाईंना माझा वाटायचा, म्हणून त्या बाजूनं कसं दिसतंय ते सांगते.

बारीकसारीक आधीपासून होतंच, पण खरं वाढलं ते २०२३ ला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे सुरू झाल्यावर. रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख तिलाच महिन्याला २००० रुपये. आमचं कार्ड वेगळं, म्हणून माझ्या खात्यावर यायचे, आणि जाऊबाई सासूबाईंच्या कार्डात, म्हणून तिकडचे सासूबाईंना. इतकी वर्षं दोघी सारख्याच राबलो आणि एकीच्याच हातात स्वतःचे पैसे, मनाला लागणारच की वो, मला ते तेव्हापण कळत होतं. पण त्या तसं सरळ बोलायच्या नाहीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायकांत म्हणायच्या, "काहींचं बरं असतंय बाई, बसल्या जागी सगळं." मग मी घरातलं सांगायचंच बंद केलं. मिक्सर नवीन घेतला तर बोलले नाही, लेकीला नोकरी लागली तर त्यांना बाहेरून कळलं. तुमच्याकडंपण असंच चाललंय का बघा. लोक टोमण्याला भिऊन आपला आनंद तुमच्यापासून लपवतात, तुम्हाला वाटतंय मला मुद्दाम बाजूला टाकलं, आणि त्यानं अजून जळतंय. तुम्हाला हेवा वाटतो हे जावेला, मैत्रिणीला कधीच कळलेलं असणार, त्यामुळं ते झाकायला जी ताकद लावताय ती वाया जातेय.

आमचं सुटलं ते जाऊबाईंनीच एकदा गच्चीवर सांडगे घालताना बोलल्या म्हणून. म्हणाल्या, "तुझ्या पोरीची नोकरी ऐकून मला रात्रभर झोप नाही, माझं पोर घरात बसलंय गं." एवढंच. मला राग आला नाही, उलट मोकळं वाटलं, कारण पहिल्यांदा त्या माझ्याबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोलल्या. मग मीपण सांगितलं की ते दोन हजार माझ्याकडं राहतच नाहीत, लेकीच्या फीसाठी बायकांच्या बचत संघातून कर्ज काढलेलं, त्याच्या हप्त्याला जातात. त्यांना वाटत होतं मी साड्या घेते. अजूनही त्यांना मधून मधून वाईट वाटतंय, पण तोंडावर सांगतात, "आज नको गं, आज मला ऐकवणार नाही", आणि मी विषय बदलते, त्यात अवघड काय नाही.

तुम्ही पण जावेशी एकटीशी बोला, फोनवर नको आणि पाहुण्यांत तर नकोच. "माझ्या पोराचं अजून कुठं जमेना, म्हणून तुझ्याकडचं ऐकलं की मला त्रास होतोय", बस. लांबलचक माफी मागत बसू नका. आणि पगार किती, किती खर्च आला हे विचारणं काही दिवस सोडा, उत्तर ऐकून तुम्हालाच ते डोक्यात फिरवत बसावं लागतंय.

शरीराचंही बघा ताई, हे मी काळजीनं सांगतेय. पाळी जायच्या आसपास झोप मोडते, चिडचिड होते, साधं बोलणंपण टोचतंय, सगळा दोष स्वभावाला देऊ नका. बायकांच्या डॉक्टरना दाखवा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करून घ्या. रडू आवरत नसेल तर १४४१६ ला फोन लावा, सरकारी टेली मानस आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. आणि नवऱ्यावर उगाच संशय यायला लागला, त्यांचा फोन तपासणं रोजचं झालं, तर ते घरात मिटणारं नाही, मनाच्या डॉक्टरकडंच जा, धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ आहे.

सुरुवात मात्र मैत्रिणीपासून करा, तिथं घरची गुंतागुंत नाही. चिकोडीला जाऊन या, कर्नाटकच्या साध्या सरकारी बसला आधार दाखवलं की बायकांना झिरो तिकीट, म्हणजे फुकट तिकीट मिळतंय. तिचं घर सगळं फिरून बघा, आणि वास्तुशांतीला का आला नाहीत ते तिनं विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. जावेकडं त्यानंतर.