कवलापूरला विमान आलं, तर द्राक्षं उडतील?

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ झाला, की माल थेट परदेशी जाईल, असं पारावर बोलतात. खरं का?

उत्तर : दादा, विमानतळ व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. पण द्राक्षांचा हिशेब वेगळा आहे. छोट्या विमानतळावर येतं ते बहुधा सत्तरेक आसनांचं एटीआर जातीचं विमान. प्रवासी आणि त्यांच्या बॅगा चढल्या, की मालाला जागा उरते ती थोडीच. तुमचा एक कंटेनर बारा-तेरा टनांचा! तो न्हावाशेवा बंदरातून जहाजानंच जाणार. युरोपला तीन-चार आठवडे लागतात, तरी शून्य अंशाच्या आसपास ठेवलेली द्राक्षं टिकतात. विमानाचं भाडं द्राक्षांच्या दरात बसत नाही.

मी स्वतः बागाईतदाराची मुलगी. फेब्रुवारीच्या उन्हात तोडलेल्या पेट्या ट्रॅक्टरवर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या पाहिल्यात. देठ तिथंच सुकतो. म्हणून आधी मागा ते गावाजवळचं प्रीकूलिंग, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करायची सोय, आणि खड्डे नसलेला रस्ता.

धावपट्टीची लांबीही विचारा. कराडची, कोयना धरणाच्या काळातली, सुमारे १२८० मीटर आहे. भरलेल्या एटीआरला ती तोकडीच, उन्हाळ्यात तर जास्तच, कारण तापलेली हवा विरळ होते आणि उड्डाणाला जास्त पट्टी लागते. कोल्हापूरची उजळाईवाडीची पट्टी वाढवली, तेव्हा कुठं मोठी विमानं येऊ लागली.

कवलापूरचा खरा उपयोग माणसांना होईल. मुंबईला उपचारासाठी रात्रभर गाडीत आडवं पडून जाणारा पेशंट मी घरात पाहिलाय. त्याच्यासाठी मात्र जरूर भांडा.