उरलेली वाईन आणि कडू झालेला रस्सा

प्रश्न : ताई, जावयांनी आणलेली रेड वाईन अर्धी बाटली उरली होती, लेबलवर कॅबरने लिहिलंय. म्हटलं वाया कशाला घालवा, म्हणून चिकनच्या रश्श्यात शेवटी कपभर ओतली आणि आटवली, तर रस्सा कडवट, वर रंगही जांभळट. अख्खं पातेलं तसंच राहिलं. आणि नातवंडं घरात आहेत, शिजताना अल्कोहोल उडून जातं ना सगळं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, कॅबरने मुळातच तुरट, द्राक्षाच्या सालीबियांतलं टॅनिन त्यात भरपूर असतं. आटवलं की पाणी उडतं, तुरटपणा तिथेच राहतो. चिकनला रेड चालतच नाही असं नाही हं, फ्रान्समध्ये कोक ओ व्हँ, म्हणजे वाईनमध्ये शिजवलेलं चिकन, रेडमध्येच करतात, पण त्याला तिथल्या बर्गंडी भागातली पिनो न्वार ही रेड वाईन, ती कमी तुरट. आपल्याकडे सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाईट वाईन घ्या, ड्राय असते, म्हणजे गोड नसते. शेनिन ब्लाँ ही दुसरी व्हाईट घेणार असाल तर लेबल वाचा, बऱ्याचदा गोडसर निघते. शिराझ ही रेड मटणासाठी ठेवा. आणि गोव्याची ती गोड पोर्ट तिखटमिठाच्या पदार्थात नकोच, त्यात पेअर शिजवा, मस्त लागतात.

दुसरं म्हणजे वाईन शेवटी नाही घालायची. कांदा-चिकन छान लालसर परतलं, तळाला खरपूस धरलं की तेव्हा ओता, उलथन्याने तळ खरवडा, मोठ्या आचेवर निम्मी होईपर्यंत आटवा आणि मगच स्टॉक, म्हणजे चिकनच्या हाडांचं उकळलेलं पाणी. क्रीम घालायचं तर त्याच्याही नंतर, नाहीतर फाटतं. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत धातूची चव उतरते. आणि खरं सांगू का, काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात वाईन कळणारच नाही, लसूण, मिरी, तमालपत्र एवढ्यावरच ठेवा.

अल्कोहोलचं म्हणाल तर सगळं उडत नाही. ते ७८ अंशाला उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असलं की हळूहळूच जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के राहतं, तासाभराने २५, अडीच तासांनी ५. तेव्हा नातवंडांचं वेगळं काढा, वाईनऐवजी स्टॉक आणि लिंबू पिळा, काही बिघडत नाही.

बाटलीत अजून असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, मटण कराल तेव्हा दोन-तीन क्यूब टाका.