तक्ता तोच, क्रम भलताच

गूगल शीट्समधल्या याद्या लावताना, गाळताना आणि गटवार करताना अडलेल्या वाचकांची ही पत्रं. मेन्यूंची नावं इंग्रजी मेन्यूत दिसतात तशीच, फक्त देवनागरीत दिली आहेत.

सोसायटीच्या देखभाल वर्गणीची शीट कमिटीतले सात जण वापरतो. मी थकबाकीदारांपुरतं फिल्टर लावलं की खजिनदारांचा फोन येतो, "बाकीचे सदस्य गेले कुठे?" (वाचक, डोंबिवली)

तुम्ही 'डेटा' मेन्यूतलं 'क्रिएट अ फिल्टर' वापरताय. ते शीट उघडणाऱ्या प्रत्येकाला लागू होतं, आणि त्यात क्रम बदललात तर ओळी खरोखरच हलतात. त्याच मेन्यूतलं 'क्रिएट फिल्टर व्ह्यू' घ्या, त्याला 'थकबाकी' असं नाव देऊन ठेवा. मग गाळणं आणि क्रम लावणं फक्त तुमच्या पडद्यावर होईल. ज्यांना शीट नुसती पाहण्याची परवानगी आहे, तेही तात्पुरता व्ह्यू उघडू शकतात.

मात्र व्ह्यू म्हणजे शीटची वेगळी प्रत नव्हे. त्यात खोडलेली रक्कम मूळ शीटमधूनही जाते.

साध्या फिल्टरखाली बेरीज करताना आणखी एक घोळ होतो. 'सम' लपलेल्या ओळीही धरतं. समोर दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल तर 'सबटोटल' घ्या आणि पहिल्या जागी ९ लिहा. हाताने लपवलेल्या ओळीही वगळायच्या असतील तर १०९.

वाचनालयाच्या यादीत काही दाखल क्रमांक १, १०, १००, १०१, २ असे लागतात. तेही यादीच्या तळाशी, वेगळेच जमून. (वाचक, सावंतवाडी)

हे क्रमांक मजकूर म्हणून साठलेत. मजकुराची तुलना एकेका अक्षराने होते, त्यामुळे '१००' मधला १ आधी दिसला की तो '२' च्या आधी लागतो. तळाशी जमलेले तेवढे मजकूर आणि वरचे संख्या, कारण चढत्या क्रमात शीट्स आधी संख्या लावतं, मग मजकूर. संरेखन बदललेलं नसेल तर संख्या खणात उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो. खात्री हवी असेल तर शेजारच्या रकान्यात 'इझनंबर' लावा. 'फॉल्स' आलेल्या ओळी बघितल्यात की बहुतेक वेळा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्हासारखी एक बारकी रेघ किंवा मागे मोकळी जागा सापडते.

शेजारच्या रिकाम्या रकान्यात 'व्हॅल्यू' लावून आकडे काढा, ते कॉपी करून मूळ रकान्यात कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसत्या किमती चिकटवा. 'व्हॅल्यू'ने चूक दाखवली तर त्या ओळी हाताने भरा.

क्रमांक 'म-४५', 'इ-१२' असे असतील तर मात्र ते कधीच संख्या होणार नाहीत. 'स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स' ने आडव्या रेघेवर तोडून दोन रकाने करा, मग 'सॉर्ट रेंज' मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पर्यायात आधी अक्षर, 'अ‍ॅड अनदर सॉर्ट कॉलम' ने नंतर आकडा. तिथे 'डेटा हॅज हेडर रो' वर खूण करायला विसरू नका, नाहीतर शीर्षकाची ओळ पुस्तकांत जाऊन बसते. आणि निवड करताना सगळे रकाने घ्या. एकच रकाना निवडून 'सॉर्ट रेंज' केलंत तर क्रमांक सरकतात आणि पुस्तकांची नावं जागेवरच राहतात. ताबडतोब लक्षात आलं तर कंट्रोल-झेड आहे, नाहीतर 'व्हर्जन हिस्टरी' उघडावी लागते.

पावत्यांच्या तारखा लावल्या तर एप्रिलच्या पावत्या मे, जून, डिसेंबर अशा पसरतात, आणि १३ तारखेपासूनच्या सगळ्या शेवटी येतात. (वाचक, बार्शी)

१३ तारखेपासूनच्या म्हणालात, तिथेच रोग सापडला. शीटचा 'लोकेल' अमेरिकेचा आहे. तिथे आधी महिना, मग दिवस लिहितात. तुम्ही ५ एप्रिल म्हणून ०५/०४/२०२४ लिहिलंत, शीटने ते ४ मे समजून घेतलं. १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना नसल्याने ती तारीखच मानली नाही, मजकूर म्हणून ठेवली. म्हणून ती शेवटी. चुकलेल्या ओळींपेक्षा ह्या परवडल्या, निदान वेगळ्या दिसतात.

'फाइल', 'सेटिंग्ज', 'लोकेल' मध्ये 'इंडिया' करा. पण यापुढच्या नोंदी तेवढ्याच सुधारतील. जुन्या तारखा शीटने दिवसांच्या संख्येत साठवल्या आहेत, ३० डिसेंबर १८९९ हा शून्य धरून. ५ एप्रिल २०२४ चा आकडा ४५३८७ हवा होता, तुमच्या खणात ४५४१६ पडलाय, म्हणजे ४ मे. लोकेल बदलल्यावर तोच आकडा ०४/०५/२०२४ असा दिसेल, इतकंच.

सुधारणा दोन प्रकारे करावी लागेल. लोकेल बदलण्यापूर्वी केलेल्या नोंदींपुरतं 'इझनंबर' लावून बघा. 'ट्रू' येतील त्या उलटलेल्या: 'डेट' फॉर्म्युल्यात पहिल्या जागी 'इयर', महिन्याच्या जागी 'डे' आणि दिवसाच्या जागी 'मंथ' भरा, उलटलेलं पुन्हा उलटेल. 'फॉल्स' येतील त्या मजकुराच्या: लोकेल 'इंडिया' झाल्यावर 'डेटव्हॅल्यू' ने त्यांची तारीख होईल. शेवटी पाच-सहा पावत्या कागदाशी पडताळून बघा, विशेषतः ०१ ते १२ तारखांच्या.

सभासदांच्या यादीत काळे हे कावळे आणि काशीद यांच्या आधी येतात, क्षीरसागर तर 'ख' च्याही आधी. शाळेत शिकलो ती वर्णमाला संगणकाला कोण शिकवणार? (वाचक, नाशिक)

शाळेतल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडच्या, म्हणजे संगणक अक्षरं ज्या क्रमांकांनी ओळखतो त्या यादीच्या, देवनागरी तक्त्यात मात्र ळ ची जागा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. हा क्रम १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीवरून आला. क्ष आणि ज्ञ ही तर तिथे स्वतंत्र अक्षरंच नाहीत. क, हलन्त, ष मिळून क्ष होतो, म्हणून क्षीरसागर क च्या बाराखडीच्या शेवटी, खरे-खोतांच्या आधी बसतात. ज्ञ चं तेच, तो ज च्या शेवटी.

एक मदतीचा रकाना करा. त्यात 'सबस्टिट्यूट' एकात एक असं तीनदा वापरून आडनावातला क्ष बदलून 'ह्हख', ज्ञ बदलून 'ह्हग' आणि ळ बदलून 'ह्हक' करा. काळे चं 'काह्हके' होईल, क्षीरसागर चं 'ह्हखीरसागर'. दिसायला विचित्र आहे, पण 'ह्ह' हे ह च्या साऱ्या बाराखडीनंतर येतं, त्यामुळे क्रम बरोबर लागतो: कावळे, काशीद, काळे. या रकान्यावर यादी लावा आणि तो 'हाइड' करून टाका. छापील यादीत तो जाणार नाही.

गावाच्या फिल्टरमध्ये 'कऱ्हाड' दोनदा येतं. मोकळ्या जागा काढल्या, तरी दोनदाच. (वाचक, सातारा)

'ट्रिम' फक्त मोकळ्या जागा काढतं. इथे मोकळी जागा नाहीच. दोन्ही कऱ्हाडांवर 'लेन' लावून बघा: एकाचं उत्तर ६ येईल, दुसऱ्याचं ७. एका कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त दिला. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, तक्त्याला दोन गावं. वऱ्हाड, गोऱ्हे, दऱ्या, सगळीकडे हेच होऊ शकतं.

ते न दिसणारं चिन्ह नुसतं उडवू नका. ते गेलं की ह च्या डोक्यावर रफार येतो आणि 'कर्हाड' होतं. 'फाइंड अँड रिप्लेस' मध्ये वरच्या चौकटीत ७ वालं नाव खणातून कॉपी करून चिकटवा, खाली ६ वालं, 'मॅच एंटायर सेल कंटेंट्स' वर खूण करा आणि सगळे बदला. यादीत कोणी 'कराड' असंही लिहिलंच असेल, तेही याच फेरीत उरकून घ्या.

मग त्या रकान्याला 'डेटा व्हॅलिडेशन' मधून गावांची 'ड्रॉपडाउन' लावा आणि 'रिजेक्ट द इनपुट' निवडा. टाइप करायचा प्रश्नच उरणार नाही.

मंडळाच्या वर्गणीची वाडीवार बेरीज हवी आहे. 'ग्रुप रोज' केलं तर नुसत्या ओळी मिटतात. (वाचक, चिपळूण)

ते ओळी मिटण्या-उघडण्यापुरतंच आहे, वाडीचं नाव ते वाचत नाही. 'इन्सर्ट' मधून 'पिव्हट टेबल' घ्या, नव्या शीटवर. 'रोज' मध्ये वाडी, 'व्हॅल्यूज' मध्ये रक्कम, 'समराइझ बाय' ला 'सम'. किती घरांनी दिली ते हवं असेल तर नावाचा रकाना 'काउंटए' ने मोजा. 'काउंट' फक्त आकडे मोजतं, नावांवर ते शून्य देईल. महिनावार हवं तर तारीख 'रोज' मध्ये घालून, तारखेच्या खणावर उजवी टिचकी, 'क्रिएट पिव्हट डेट ग्रुप', 'इयर-मंथ'.

पिव्हटमध्ये मोठी रक्कम बिननावाच्या वाडीखाली जमलेली दिसली, तर वाडीचं नाव दहा-दहा ओळींवर 'मर्ज' करून लिहिलेलं असणार. मर्ज केलेल्या पट्टीत नाव फक्त पहिल्या खणात असतं, उरलेले नऊ रिकामे. असा उभा मर्ज असलेला तक्ता शीट्स क्रमानेही लावत नाही. 'अनमर्ज' करा. मग शेजारच्या रकान्यात असा 'इफ' लिहा: वाडीचा खण रिकामा असेल तर आपल्याच वरच्या खणातलं नाव घे, नाहीतर वाडीचं. तो खाली ओढा, किमती चिकटवा, जुना रकाना काढून टाका. तळाशी 'एकूण' अशी ओळ असेल तीही आधी काढा, नाहीतर पिव्हट तिलाही एक वाडी मानेल आणि सगळी बेरीज दुप्पट दाखवेल.