'परिस्थितीवादी आंतरराष्ट्रीय' : हे नाव मराठीत चालेल का?

प्रश्न असा आला आहे. नाशिकला गंगापूर रोडवरचा एक वाचकगट 'सिच्युएशनिस्ट इंटरनॅशनल' या युरोपातल्या कलावंत-लेखकांच्या संघटनेवर व्याख्यान ठेवतो आहे. पत्रकावर 'परिस्थितीवादी आंतरराष्ट्रीय : राजकीय कलावंतांचा समूह' असे छापायचे घाटते आहे. मसुदा वाचून गटातल्या एका काकांनी विचारले, "आंतरराष्ट्रीय काय? स्पर्धा की विमानतळ?" तर हे नाव चालेल का, आणि या मंडळींच्या 'देतुर्नमां' नावाच्या तंत्राला विडंबन म्हणावे का?

काकांची शंका रास्त आहे. मूळ नावात 'इंटरनॅशनल' हे विशेषण नसून नाम आहे. १८६४ साली लंडनमध्ये कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून लोक तिला नुसते 'इंटरनॅशनल' म्हणू लागले. तिच्या मागून दुसरी आली, मग १९१९मध्ये मॉस्कोत तिसरी. सिच्युएशनिस्टांनी आपल्या नावाला हे शेपूट मुद्दाम जोडले, ते याच परंपरेकडे बोट दाखवायला. मराठीतही विशेषण एकटे उभे राहू शकते. 'माझी बहीण माध्यमिकला शिकवते' म्हटले की शाळा न सांगता कळते, कारण ती सगळ्यांच्या डोक्यात असतेच. 'आंतरराष्ट्रीय'मागे असे काही ठरलेले नाही, त्यामुळे वाक्य लोंबकळत राहते. तेव्हा मागे नाम हवेच.

पण मला जास्त खटकतो तो 'परिस्थितीवादी'. परिस्थिती हा शब्द आपण कसा वापरतो बघा. घरची परिस्थिती बेताची असते. माणूस परिस्थितीने गांजतो. परिस्थिती हाताबाहेर जाते, चिघळते. बातमीतसुद्धा 'युद्धजन्य परिस्थिती निर्माण झाली' असेच वाचायला मिळते, कोणी 'केली' असे फारसे नाही. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी परिस्थिती ही अंगावर येऊन पडणारी गोष्ट. या मंडळींचे म्हणणे नेमके उलटे होते. रोजच्या आयुष्यात माणूस प्रेक्षक होऊन बसला आहे, त्याने उठावे आणि चार जणांना सोबत घेऊन जगण्याचे क्षण स्वतः, हेतुपूर्वक रचावेत. अशा रचलेल्या क्षणाला ते 'सिच्युएशन' म्हणत. त्याला आपल्याकडे 'प्रसंग' हा शब्द तयार आहे. प्रसंग ओढवतो हे खरे, पण तो घडवताही येतो, रंगवताही येतो, आणि नाटकात तर लिहूनच काढतात.

मग 'प्रसंगवादी' म्हणावे? नको. एक तर तो संधिसाधूचा चुलतभाऊ वाटतो. दुसरे म्हणजे 'वादा'वर त्यांचाच आक्षेप होता. जून १९५८मध्ये निघालेल्या त्यांच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात शब्दांच्या व्याख्या दिल्या आहेत. 'सिच्युएशनिस्ट'ची व्याख्या आहे, आणि लगेच खाली 'सिच्युएशनिझम' हा अर्थशून्य शब्द आहे, असे काही नसतेच, असे बजावले आहे. शब्दकोशात एखादा शब्द घ्यायचा तो हा शब्द नाही हे सांगायला, हा प्रकार मला फार आवडतो. ज्यांनी 'इझम' झटकला त्यांना आपण 'वादी' करून उभे करणे बरे नव्हे. नाटककार, शिल्पकार, तसे 'प्रसंगकार' म्हणावे. शब्द नवा आहे, पण जिभेला अडत नाही.

आता 'समूह'. समूह म्हटला की कोणीही यावे, कोणीही जावे असे वाटते. नाहीतर उद्योगसमूह आठवतो. ही संघटना तशी नव्हती. २८ जुलै १९५७ रोजी इटलीतल्या कोझिओ दारोशा या डोंगराळ गावात ती जन्मली. जमलेली माणसे आठ, त्यांत फ्रान्सचे गी दबोर आणि मिशेल बर्नस्टीन, डेन्मार्कचा चित्रकार आस्गर योर्न. तीन संघटना एकत्र येत आहेत असा थाट होता, त्यांपैकी लंडनच्या संघटनेत राल्फ रमनी हा जवळपास एकटाच! १९७२मध्ये गाशा गुंडाळेपर्यंत सत्तरेक सभासद झाले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची हकालपट्टी झाली. हाकलायचे तर आधी रीतसर सभासदत्व लागते. 'कंपू'त उपहास आहे, 'मंडळ' म्हटले की वर्गणीचे पुस्तक डोळ्यांपुढे येते, आणि 'कलापथक' गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांच्या १९४४च्या लाल बावटा कलापथकाला तो शब्द शोभला, इथे नाही. मी 'संघ' घेईन. त्या शब्दाने हल्ली एकच संघटना आठवते, अशी तक्रार येईल. येऊ द्या. आपल्या जिल्ह्यात दूध संघ आहेत, द्राक्ष बागायतदारांचाही संघ आहे. डाव्या लेखकांनी १९३६ साली लखनौला अधिवेशन भरवले तेही प्रगतिशील लेखक संघाचेच.

'राजकीय कलावंत' मात्र काढाच. नाशिकमध्ये ते वाचून लोक विचारतील, कोणत्या पक्षाचे? 'राजकीय भूमिका घेणारे कलावंत-लेखक' असे सरळ लिहा. पत्रकावर मूळ नाव देवनागरीत ठेवून खाली 'प्रसंगकारांचा आंतरराष्ट्रीय संघ' एवढे पुरे.

राहिले 'देतुर्नमां'. दुसऱ्याची चित्रकथा किंवा जाहिरात उचलायची, तिच्यातल्या संवादांच्या फुग्यांत आपले शब्द घालायचे आणि तिलाच आपल्या कामाला जुंपायचे, हे ते तंत्र. विडंबनात मूळ कृतीची थट्टा असते. इथे मूळ कृती हे नुसते वाहन. फ्रेंचमध्ये हाच शब्द विमानाच्या अपहरणाला आणि पैशांच्या अफरातफरीलाही चालतो. आपल्याकडे 'एका कामाचा निधी दुसरीकडे वळवला' म्हणतात, तो 'वळवणे' इथे चपखल बसतो. उदाहरण हवे असेल तर सत्यशोधक जलसा घ्या. त्याने तमाशाचा गण, म्हणजे सुरुवातीचे गणपतीचे स्तवन, तसाच ठेवला आणि गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पुढारी, असा अर्थ लावून तो आपल्या प्रचाराकडे वळवला. आमच्या जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलशात पुढे तीच वाट धरली. व्याख्यात्यांना हे उदाहरण आधी सांगून ठेवा, फ्रेंच शब्दाचा अर्धा तास वाचेल.