दूरस्थ शिक्षणातून केलेलं बी.एस्सी. नर्सिंग कौन्सिलला चालतं का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तुम्ही जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) करून नेरुळच्या खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहात, नोकरी न सोडता पदवी हवी आहे. बारावी झालेल्या धाकट्या बहिणीला वाशीतला एक एजंट ‘घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग, फक्त परीक्षेला यायचं’ म्हणतोय. आणि पुढेमागे अमेरिकेला जायचं झालं तर ही पदवी तिथे धरतात का, हेही तुम्हाला विचारायचं आहे.

बहिणीचं आधी सांगते, कारण तिथे पैसे भरायची घाई चाललेली दिसते. नाही चालत. ज्या शिक्षणावर पहिली नोंदणी मिळते ते एएनएम (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफचा अभ्यासक्रम), जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, यातलं काहीही दूरस्थ पद्धतीने होत नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०२० ची नियमावली आहे. त्या पद्धतीने शिकवायला मनाई असलेल्या विषयांच्या यादीत वैद्यकीय, दंतवैद्यक, फार्मसी यांच्या जोडीला नर्सिंग आहे.

एजंट इथे एक कागद पुढे करतो: ‘विद्यापीठ यूजीसी मान्यताप्राप्त आहे.’ ते खरंही असू शकतं, पण त्याने काही साधत नाही. विद्यापीठ पदवी देतं, काम करायची परवानगी देतं ते राज्याचं नर्सिंग कौन्सिल. आपल्याकडे ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखालचं. पदवी खरी आणि नोंदणी शून्य, अशी अवस्था सहज येऊ शकते, आणि नोंदणी नसेल तर वॉर्डात तुम्ही नर्स नाही.

एजंटला इतकंच विचारा: कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय कुठलं आणि किती खाटांचं? पहिली नोंदणी कुठल्या राज्याच्या कौन्सिलमध्ये होणार? बाळंतपणाचं केसबुक (केलेल्या बाळंतपणांची नोंदवही) कोण भरून घेणार आणि कुठल्या लेबर रूममध्ये? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण विषय बदलतात. महाराष्ट्रातलं बी.एस्सी. असेल तर परीक्षा बहुतेक ठिकाणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, अभिमत विद्यापीठाचं कॉलेज असेल तर त्या विद्यापीठाची, आणि जीएनएम असेल तर महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. भलतंच नाव ऐकू आलं तर थांबा आणि आधी कौन्सिलकडे चौकशी करा.

याहून वाईट प्रकार म्हणजे परराज्यातलं कॉलेज कागदावर ‘रेग्युलर’ दाखवतं आणि हजेरी परस्पर भरली जाते. हे दूरस्थ शिक्षण नव्हे, ही खोटी हजेरी. त्या राज्यात नोंदणी झाली तरी महाराष्ट्रात येताना तिथल्या कौन्सिलकडून ना-हरकत आणि पडताळणी मागवली जाते. शिवाय नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीममध्ये प्रत्येक नर्सचा आधारशी जोडलेला स्वतंत्र क्रमांक, एनयूआयडी, असतो. ज्या तारखांना मुलगी वॉर्डात प्रात्यक्षिक करत होती म्हणायचं, त्याच तारखांना तिच्या नावावर ठाण्यात पगार जमा होत असेल, तर तो विरोधाभास कधीतरी कुणाच्या तरी डोळ्यात येतो.

आता तुमचं. दूरस्थ नर्सिंगला मनाई असली तरी नोंदणी झालेल्या नर्ससाठी एक रस्ता आहे: इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतर करायची पदवी. हा कार्यक्रम १९९४ पासूनचा आहे आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलने मान्य केलेला आहे. नियमित पोस्ट बेसिक दोन वर्षांचं असतं, हे किमान तीन वर्षांचं. याशिवाय कुठलं खासगी विद्यापीठ ‘डिस्टन्स पोस्ट बेसिक’ किंवा ‘डिस्टन्स एम.एस्सी. नर्सिंग’ विकत असेल तर ते घेऊ नका. दूरस्थ एम.एस्सी. नर्सिंग असा मान्य प्रकारच नाही.

पात्रतेत लोक दोन ठिकाणी अडकतात. बारावीनंतर जीएनएम केलं असेल तर दोन वर्षांचा अनुभव लागतो. जुन्या पद्धतीने दहावीवर जीएनएम झालं असेल तर पाच वर्षांचा. आणि हा अनुभव आरएन-आरएम (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) नोंदणीच्या तारखेनंतरचा मोजला जातो, निकालाच्या तारखेपासून नव्हे. निकाल लागल्यावर लगेच कामाला लागून नोंदणी सहा महिन्यांनी केली असेल, तर ते सहा महिने गेले. मिडवाइफरी (बाळंतपणाचं प्रशिक्षण) न केलेल्या पुरुष नर्सना त्याऐवजी नर्सिंगमधलं सहा ते नऊ महिन्यांचं मान्य प्रमाणपत्र दाखवावं लागतं.

अनुभवाचा दाखला नीट घ्या. ऐरोली-कोपरखैरणेतली छोटी नर्सिंग होम्स ‘अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ असं दोन ओळींत लिहून देतात. त्याचा उपयोग नाही. लेटरहेड, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, तुमचं पद, रुजू आणि सोडल्याची तारीख दिवसासकट, खाटांची संख्या, सही आणि शिक्का, एवढं हवं. ‘सिस्टर’ नको, ‘स्टाफ नर्स’ लिहून घ्या. जोडीला पगारपत्रकं ठेवा.

प्रवेश परीक्षेतून होतो आणि जागा केंद्रागणिक मोजक्या असतात, म्हणून चालू वर्षाची प्रवेशसूचना आणि तिच्यातली अभ्यासकेंद्रांची यादी बघूनच अर्ज भरा. ही केंद्रं नर्सिंग कॉलेजांत असतात. यादीत नेरुळहून रोज जाता येण्याजोगं केंद्र नसेल, तर अभ्यासक्रम कितीही ‘दूरस्थ’ असला तरी तुमच्यासाठी तो कठीण आहे, कारण प्रात्यक्षिक सत्रांना हजेरी सक्तीची आहे. पुस्तकं घरी येतात, असाइनमेंट घरी लिहिता येतात, पण वॉर्डातलं काम केंद्राने ठरवलेल्या रुग्णालयात, पर्यवेक्षकाच्या सहीनेच. नोकरी करणाऱ्या बहुतेकींचं गाडं अडतं ते इथे. थिअरी सुटते, प्रात्यक्षिकाला रजा मिळत नाही, आणि तीन वर्षांचे पाच होतात. प्रवेश घ्यायच्या आधीच मेट्रनशी बोला, सत्रांच्या तारखा आल्या की लेखी अर्ज द्या. सलग नाइट करून सकाळी प्रात्यक्षिकाला पळायचं, हा बेत दुसऱ्या आठवड्यात मोडतो.

पदवी हातात आली की कौन्सिलमध्ये नवी नोंदणी होत नाही, ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून ती तुमच्या जुन्या नोंदणीत चढते. त्यासाठी मूळ नोंदणी चालू हवी. तिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि ते राहून गेलेलं असलं की आधी तेच निस्तरावं लागतं. दुसरी नेहमीची अडचण नावाची: जीएनएमचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, इग्नूची गुणपत्रिका आणखी तिसऱ्याच स्पेलिंगने. इग्नूचा अर्ज भरतानाच नाव कौन्सिलच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवा; पुढे राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला घेऊन फिरावं लागणार नाही.

या पदवीने काय मिळतं? एम.एस्सी. नर्सिंगला पोस्ट बेसिक चालतं. त्याला लागणारा एक वर्षाचा अनुभव पदवीच्या आधीचा असला तरी धरतात, मात्र एकूण ५५ टक्के गुण लागतात. ‘पास झालं की बास’ म्हणून अभ्यास केलेल्यांचा रस्ता तिथे बंद होतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीतही पोस्ट बेसिक बी.एस्सी. पात्रतेत आहे.

जाता जाता: २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायदा झाला आहे. त्यानुसार कौन्सिलांची जागा आयोग घेणार आहेत. अर्ज करताना कार्यालयाचं नाव बदललेलं दिसलं तर गोंधळू नका.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे. तिथेही परवाना राज्यागणिक मिळतो. एनसीएलएक्स-आरएन ही परवान्यासाठीची परीक्षा सगळीकडे एकच, पण तिला बसू द्यायचं की नाही हे त्या राज्याचं बोर्ड ठरवतं. दूरस्थ पदवीबद्दल तिथली राज्यंही एकमताची नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या एक्सेलसियर या दूरस्थ नर्सिंगसाठी प्रसिद्ध संस्थेचं उदाहरण बघा. न्यूयॉर्कमध्ये ती मान्य, पण ६ डिसेंबर २००३ पासून पुढे तिथे नाव घातलेल्यांना कॅलिफोर्निया थेट परवाना देत नाही. कारण आपल्यासारखंच: थिअरीसोबत देखरेखीखालचं प्रात्यक्षिक नाही. काही राज्यांनी आपसात करार करून एकमेकांचे परवाने मान्य केले आहेत, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्या करारात नाहीत. म्हणून ‘अमेरिकेत चालतं का’ असं न विचारता कुठल्या राज्यात जायचं ते आधी ठरवा.

आणि तुमच्या बाबतीत तिथे पोस्ट बेसिकपेक्षा जीएनएमकडे जास्त बारकाईने बघितलं जाईल, कारण तुमची पहिली नोंदणी त्यावर झाली आहे. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार या प्रत्येकात थिअरीचे तास किती आणि क्लिनिकलचे (प्रात्यक्षिकाचे) किती, हे ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत अभ्यास-पत्रकावर, वेगवेगळं लागतं. कॅलिफोर्निया तर दोन्ही एकाच काळात झाले का, तेही बघतं. थिअरी पहिल्या वर्षी आणि त्याच विषयाचं प्रात्यक्षिक तिसऱ्या वर्षी दिसलं तर शंका काढतात. ही उणीव इग्नूच्या पदवीने आपोआप भरून निघेल असं धरून चालू नका.

म्हणून इग्नूचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. जीएनएमच्या शाळेत आत्ताच जाऊन विषयवार तासांचं ट्रान्सक्रिप्ट आणि क्लिनिकल रोटेशनचा (कुठल्या वॉर्डात कधी काम केलं त्याचा) तक्ता मागा. शाळा बंद पडली किंवा जुनी रजिस्टरं हलवली गेली की मग परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे जावं लागतं, आणि मंडळाकडे गुण असतात, रोटेशनच्या तारखा नसतात.