रिजिडबॉडी काढताना

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या दादर स्टेशनच्या सीनमधली बाकडी प्ले दाबताच घरंगळतायत ना? ती रिजिडबॉडीमुळे, म्हणजे वस्तूला गुरुत्वाकर्षण आणि धक्के लागू करणाऱ्या कंपोनंटमुळे. त्यातलं नुसतं ‘यूज ग्रॅव्हिटी’ बंद करून भागणार नाही; खेळाडूचा धक्का लागला की ती सरकणारच. युनिटीत बाकडं निवड, इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या वस्तूची सेटिंग्ज दाखवणाऱ्या पॅनलमध्ये) रिजिडबॉडीच्या उजवीकडचे तीन ठिपके दाब आणि रिमूव्ह कंपोनंट कर. कोलायडरला (वस्तूची टक्कर ओळखणाऱ्या कंपोनंटला) मात्र हात लावू नकोस, नाहीतर माणसं बाकड्यातून आरपार जातील. काढता येत नाही असा मेसेज आला, तर हिंज जॉइंटसारखं (बिजागरीसारखा सांधा) काहीतरी रिजिडबॉडीवर अवलंबून असतं; आधी ते काढ. बाकडी प्रीफॅबची, म्हणजे एकाच साच्यातून काढलेली असतील तर मूळ प्रीफॅबच उघड, एकेक कुठे निवडत बसतोस! लोकलचं वेगळं. ती स्क्रिप्टने हलवायची, आणि तिला ढकलणारा प्रवासी अजून जन्मायचाय. तिथे रिजिडबॉडी राहू दे, फक्त ‘इज किनेमॅटिक’वर टिक कर, म्हणजे ती धक्क्याने नाही, स्क्रिप्टनेच हलेल.