लाइफटाइम प्लॅन घेऊ का? आधी कामं मोजूया

एका नव्या फोटोग्राफर मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सोडून आठ महिने झालेत, पूर्णवेळ फोटोग्राफी चालू आहे, आतापर्यंत सहा कामं मिळाली. गाठीशी पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे आहेत. त्यातून तिला क्लायंटला फोटो देण्यासाठी एका ऑनलाइन गॅलरीचा १ टीबीचा (म्हणजे साधारण १००० जीबी जागेचा) लाइफटाइम प्लॅन घ्यायचाय, शिवाय नाव कोरलेले ५० पेनड्राइव्ह आणि त्यांचे लाकडी डबे. सगळं मिळून दीड महिन्याचा घरखर्च होतो. ती लिहिते, "ताई, गूगल ड्राइव्हची लिंक पाठवताना लाज वाटते, अगदीच नवशिकी वाटते मी. ऑफर रविवारी संपतेय, घेऊ का?"

ताई म्हणालीस म्हणून मी पण अगं-तुगंच करते. लाइफटाइम प्लॅन नको, पेनड्राइव्ह तर अजिबात नको. गॅलरी हवी, पण आधी फुकटची आणि पुढे गरज पडली तर महिन्याच्या पैशांवर.

आधी ते पाच महिने बघू, कारण माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथेच आहे. दीड गेला की साडेतीन उरतात. आठ महिन्यांत सहा कामं म्हणजे मधे किमान दोन महिने पूर्ण कोरडे गेले असणार, तसे दोन लागोपाठ आले की तू दीड महिन्यावर येशील, आणि त्या अवस्थेत कोणी निम्म्या दरात काम विचारलं तर तू हो म्हणशील, म्हणावंच लागेल. गाठीला पाच महिने असताना मात्र तू शांतपणे "माझा दर हा आहे" म्हणू शकतेस. नव्या व्यवसायात ही रक्कम म्हणजे तुझी नाही म्हणायची ताकद आहे, ती डब्यांवर खर्च करू नकोस.

आता जागेचा हिशोब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो येतो, त्याची चांगल्या क्वालिटीची जेपेग साधारण ८ ते १२ एमबी भरते. एका कामाचे ४०० फोटो दिलेस तर ४ जीबी झाले. १ टीबीत अशी २५० कामं मावतात. तुझ्या आत्ताच्या वेगाने वर्षाला ९ कामं होतात, म्हणजे ती जागा भरायला जवळपास २८ वर्षं लागतील. उद्या काम तिप्पट झालं तरी ९ वर्षं. एवढ्या पुढच्या जागेचे पैसे आज, तेही राखीव रकमेतून, कशाला भरायचे?

शिवाय लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफटाइम, तर त्या कंपनीचं. तुझ्याकडून पैसे एकदाच येणार आणि सर्व्हरचा खर्च त्यांना दर महिन्याला करायचा, हे गणित नवीन ग्राहक येत राहिले तरच चालतं. डिजिटल रेलरोड नावाची सर्विस होती, फोटोग्राफर तिथे पैसे भरून फोटो ठेवायचे आणि विकायचे. ऑक्टोबर २००८ मधे ती बंद पडली, तेव्हा लोकांना आपले फोटो काढून घ्यायला २४ तासांची मुदत मिळाली. फ्लिकर ही फोटो ठेवायची साइट फुकटात १ टीबी द्यायची, २०१८ मधे मालक बदलल्यावर ती मर्यादा १००० फोटोंवर आणायचं जाहीर झालं. गूगल फोटोजची अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यांच्यातला कोणी वाईट होता असं मी म्हणत नाहीये, या धंद्यात अटी बदलतात एवढंच, त्यामुळे पैसे जितके कमी काळासाठी अडकतील तितकं बरं.

पेनड्राइव्हचं तर लगेच संपतं. वर्षाला ९ कामं म्हटल्यावर ५० पेनड्राइव्ह म्हणजे साडेपाच वर्षांचा माल. बऱ्याच नव्या लॅपटॉपला आत्ताच जुना यूएसबी पोर्ट नसतो, आणि क्लायंट फोटो बघतो फोनवर. कोणी मुद्दाम मागितलाच तर त्या कामापुरता एक घे आणि बिलात लाव.

आता तुझ्या लाजेबद्दल, ते मला महत्त्वाचं वाटतं कारण या खर्चाच्या मागे खरं तर तेच आहे ना? ड्राइव्ह वापरणं यात कमीपणा काही नाही, पण लिंक कशी दिली जाते त्याने फरक पडतो. क्लायंटच्या बाजूने बघ. ती लिंक उघडते, आत डीएससी ४८१७, डीएससी ४८१८ अशी कॅमेऱ्याने दिलेली चारशे नावं, ती डाउनलोड ऑल दाबते, फोल्डर मोठा असल्यामुळे ड्राइव्ह त्याच्या दोन-तीन झिप फाइली करतं, ती फोनवर त्यातली एकच उघडते आणि रात्री साडेदहाला तुला मेसेज येतो की बाकीचे फोटो कुठेत? त्या क्षणी तू नवशिकी वाटतेस. हे टाळायला पैसे लागत नाहीत. फोटो तीन-चार छोट्या फोल्डरमधे लाव, फोल्डरना माणसाला कळतील अशी नावं दे, आणि लिंक पाठवायच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघ, स्वतःच्या नको कारण तिथे तू लॉगिन असतेस आणि परवानगीची अडचण दिसतच नाही.

ड्राइव्हचा एक धोका मात्र खरा आहे. ते फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोजमधे वाटलेले असतात. फोटोंनी जागा भरली की मेल यायचे थांबतात, म्हणजे नव्या कामाची चौकशी करणाऱ्याचा मेल परत जातो आणि तुला कळत पण नाही. डिलिव्हरीसाठी वेगळं अकाउंट उघड, आजच.

मी तुझ्या जागी असते तर दोन भाग केले असते, बघण्याचे फोटो वेगळे आणि प्रिंटचे वेगळे. पिक्सीसेटसारख्या गॅलरीत फुकट ३ जीबी मिळतात. पूर्ण साइजमधे तुझं एक काम पण तिथे मावणार नाही, पण लांब बाजू २०४८ पिक्सेल करून एक्सपोर्ट केलंस तर फोटो साधारण १ एमबीचा होतो, म्हणजे ४०० फोटो ०.४ जीबीत आणि एका वेळी सहा-सात कामं आरामात. क्लायंटला कव्हर फोटो असलेलं, तिच्या नावाचं सुंदर पान दिसतं, घरच्यांना ती तेच फॉरवर्ड करते. आणि मोठ्या फाइली स्विसट्रान्सफरसारख्या सर्विसने पाठव, तिथे फुकटात ५० जीबीपर्यंत जातं आणि लिंक जास्तीत जास्त ३० दिवस राहते. फुकट गॅलरीच्या दुकानातून प्रिंट विकलीस तर ते १५ टक्के कमिशन घेतात, सुरुवातीला मला ते चालेल, कारण विक्री झाली तरच पैसे जातात. या अटी बदलत असतात म्हणून घेण्याआधी त्यांच्या पानावर एकदा बघून घे.

कुठली फाइल कशाला ते मेसेजमधे साध्या शब्दांत लिही. ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, छापलं तर २०४८ पिक्सेलची फाइल पावणेसात इंचापर्यंत जाते, ६००० ची २० इंचापर्यंत. हे नाही सांगितलं तर कोणीतरी छोटी फाइल भिंतीएवढी छापून आणतं आणि फोटो धूसर आला म्हणून तुझं नाव घेतं. एक्सपोर्ट एसआरजीबी या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगप्रकारातच कर, नाहीतर काही स्क्रीनवर रंग मेल्यासारखे दिसतात. व्हॉट्सॅपवर त्याच दिवशी पाच-सहा झलक फोटो खुशाल पाठव, लोकांना ते फार आवडतं, पण पूर्ण काम तिथे फोटो म्हणून देऊ नकोस, दाबून बारीक होतात. आणि १० एमबीपीएसच्या अपलोडला ४ जीबी चढायला तासभर लागतो, तेव्हा "आज संध्याकाळी देते" म्हणायच्या आधी अपलोड लावलेलं असू दे.

अजून एक, लाइटरूम या अडोबीच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचे पैसे तू आधीच भरत असशील तर त्यात वेबवर अल्बम शेअर करता येतो, क्लायंट तिथे फोटोला हार्ट देऊन सिलेक्शन करू शकते, आणि त्याच प्लॅनसोबत अडोबी पोर्टफोलिओ पण मिळतं, म्हणजे साधी वेबसाइट झाली. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांत निम्मे लोक एकाच गोष्टीचे पैसे दोन ठिकाणी भरत असतात.

पैसे भरायची वेळ कधी, तर लागोपाठ दोन महिने फुकटची जागा कमी पडली, किंवा प्रिंटवरचं कमिशन महिन्याच्या फीपेक्षा जास्त जायला लागलं की. तेव्हा सुद्धा महिन्याचाच प्लॅन. वर्षाचा प्लॅन समजा दहा महिन्यांच्या किमतीत मिळत असेल तर दहाव्या महिन्यानंतर तुझी बचत सुरू होते, म्हणून पुढच्या तीन-चार महिन्यांची कामं ऍडव्हान्ससकट बुक असतील तरच तो घे. मी एक आकडा वापरते, वर्षाची फी भागिले वर्षातली कामं, उत्तर एका कामाच्या मिळकतीच्या २ टक्क्यांच्या आत असेल तर परवडतं. आणि ती रक्कम दरात धर, स्वतःच्या खिशातून नको.

महिन्याच्या प्लॅनमधे एक मेख आहे. बंद केलास की गॅलऱ्या पण बंद. माझ्याकडे एक फोटोग्राफर येतात, त्यांनी तीन वर्षं एक महागडा प्लॅन नुसता चालू ठेवला, कारण जुन्या क्लायंटना लिंक "कायम राहील" असं तोंडी सांगून बसले होते आणि आता शब्द मोडवत नव्हता. बिचारे दर महिन्याला त्या शब्दाचे पैसे भरत होते. तू पहिल्यापासून कोटेशनमधेच लिही, गॅलरी ६० दिवस, माझ्याकडे बॅकअप १ वर्ष, त्यानंतर परत हवे असतील तर चार्ज. आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधी आठवणीचा मेसेज टाक.

बॅकअपसाठी मात्र मी तुला खर्च कर म्हणेन, आणि मनापासून म्हणेन. गॅलरीत जेपेग असतात, तुझ्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, नसतात, त्यामुळे तिला बॅकअप समजू नकोस. पीटर क्रॉग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे, तीन कॉपी, दोन प्रकारच्या ठिकाणी, एक दुसऱ्या पत्त्यावर. दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क घे, एक तुझ्या टेबलावर आणि एक आईकडे किंवा मैत्रिणीकडे. महत्त्वाच्या कामाची तिसरी कॉपी क्लाउडवर. लग्नाचे फोटो गेले तर ते लग्न परत लागत नाही, ऍडव्हान्स परत द्यावा लागतो आणि त्या घरातलं पुढचं कुठलंच काम येत नाही. तुझ्या दीड महिन्याच्या रकमेतला एक छोटा भाग इथे जाऊ दे, बाकी सगळी जिथे आहे तिथेच राहू दे.

रविवारची ऑफर जाऊ दे. पुढच्या तीन कामांची डिलिव्हरी वरच्या पद्धतीने कर आणि प्रत्येक वेळी किती जीबी गेले, किती वेळ लागला, क्लायंटने काय विचारलं ते वहीत लिहून मला पाठव, मग महिन्याचा प्लॅन लागतोय का ते बघू. आणि पेनड्राइव्हवाल्याला ऍडव्हान्स देऊन बसली असशील तर आजच फोन कर, नाव कोरायला अजून घेतलं नसेल तर बरेच जण परत करतात.